ताटी का लागली?



घसा बसल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, मी कीर्तनाला उभा राहत नाही, समोर बसतो. त्याआधी बेचाळीस वर्षे टाळकऱ्यांना पाठीशी घेऊन उभा होतो. उभ्याने जे दिसले नाही ते बसल्यावर दिसू लागले. श्रोता कुठे हसतो, कुठे मान खाली घालतो, हे नारदाच्या गादीवरून कळते असे आम्हा बुवालोकांना वाटते. फारसे कळत नाही. शेजारी मांडीला मांडी लावून बसलेल्याचा श्वास ऐकू येतो तेव्हा थोडे कळते.

गेल्या वर्षी शेजारच्या गावी सप्ताह होता. सहाव्या दिवशीच्या कीर्तनाला तरुण बुवा होते. पाठांतर चोख, चाल गोड, प्रमाणावर प्रमाण. निरूपणात त्यांनी ताटीचा प्रसंग घेतला. माउली बाहेर गेले असता कुणीतरी त्यांना घालूनपाडून बोलले, ते झोपडीत येऊन ताटी लावून बसले, धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून विनवू लागली. इथवर रंग चांगला भरला. मग बुवा म्हणाले, "माउलींना कशाचा राग येणार? ही सगळी लीला. जगाला उपदेश मिळावा म्हणून रुसण्याचे सोंग घेतले." जयघोष झाला, टाळ वाजले.

माझ्या शेजारी चाळिशीतला एक गडी बसला होता. टेम्पो चालवतो. तो त्या जयघोषातच उठला आणि बाहेर गेला. मला वाटले, तंबाखू मळायला गेला असेल. मीही पाय मोकळे करायला उठलो, तर हा मंडपामागे चपलांच्या ढिगापाशी बसलेला. मी विचारले, "काय बाबा, बरे वाटत नाही का?" तर म्हणाला, "म्हाराज, एवढ्या मोठ्या मानसाला बी दार लावून बसावं वाटलं, ह्ये ऐकून लई बरं वाटलं हुतं. पन बुवा म्हनले, ती लीला हुती. मग माजं दार कशाचं?"

त्याचे दार काय, ते त्याने थोडक्यात सांगितले. बाप दारू पिऊन यायचा आणि एक ठरावीक शिवी द्यायचा. ती शिवी आईच्या चारित्र्यावरची. आज बापाला जाऊन वीस वर्षे झाली. पण बाजारात, मार्केट यार्डात, कुणी सहज त्या वळणाचा शब्द बोलला की हा घरी येतो, खोलीचे दार लावतो आणि दोन-दोन दिवस बाहेर पडत नाही. गाडी उभी राहते, हप्ता थकतो, बायको दाराशी ताट ठेवून जाते.

त्या रात्री मला झोप आली नाही. 'लीला' हा अर्थ त्या तरुण बुवांचा नव्हताच. तो आम्ही जुन्यांनी त्यांना दिला. मी स्वतः तो शेकडो वेळा सांगितला. म्हणून हा लेख दुसऱ्या कुणाच्या कीर्तनावरचा नाही. माझ्याच निरूपणाची ही उलटतपासणी आहे. वाचक माउलींनी चुकल्यामाकल्याची क्षमा करावी.

या चार भावंडांचे बालपण आपण कसे सांगतो ते आधी पाहू. आपेगावचे विठ्ठलपंत लग्नानंतर काशीला जाऊन संन्यास घेतात, गुरूंच्या आज्ञेने आळंदीला परत येऊन पुन्हा संसार मांडतात, ब्रह्मवृंद त्यांना वाळीत टाकतो, चार मुले होतात, मुलांच्या मुंजीचा प्रश्न येतो, देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय मिळतो आणि आईबाप मुलांना सोडून जलसमाधी घेतात. कुणी प्रयागचा संगम सांगतात, कुणी इंद्रायणी. मग मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला जातात आणि रेडा वेद बोलतो.

माझ्या कीर्तनात रेड्याला वीस मिनिटे मिळत. आईबाप निघून जाण्याला दोन. लोकांना रेडा हवा असतो, हे खरे. लहानपणी तंबूतल्या टॉकीजमध्ये प्रभातचा १९४० सालचा 'संत ज्ञानेश्वर' पाहिला, तेव्हा भिंत चालू लागताच सगळा तंबू उठून उभा राहिला होता. मीही राहिलो. चमत्कारावर माझी श्रद्धा आहे आणि ती राहील. पण चमत्कार लवकर गाठायचा म्हणून आम्ही मधली रात्र ओलांडून जातो. सकाळी उठल्यावर घरात आई नाही, वडील नाहीत, गावातले कुणी दारात येणार नाही, आणि सर्वांत धाकटी बहीण आई कुठे म्हणून विचारते आहे, ही ती रात्र. थोरल्या निवृत्तिनाथांनी तिला काय उत्तर दिले असेल? बेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही.

मांड्यांची गोष्ट घ्या. मुक्ताईला मांडे भाजायला खापर हवे. ती कुंभारवाड्यात जाते. विसोबांनी कुंभारांना आधीच ताकीद दिलेली असते. पोर रिकाम्या हाताने रडत परत येते. मग माउली जठराग्नी प्रदीप्त करतात, पाठ तापते आणि मुक्ताई त्या पाठीवर मांडे भाजते. ही कथा महिपतींच्या भक्तविजयापासून (तो १७६२ सालचा ग्रंथ) घरोघरी गेली. आम्ही ती हसत सांगतो. पाठीवर मांडे भाजताना कसे दिसत असेल याचा अभिनय करतो, बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसतात. पुढे विसोबांना पश्चात्ताप झाला, ते शरण आले, नामदेवरायांचे गुरू झाले, तेही आम्ही सांगतो. पण गोष्टीच्या मध्यावर एक रडणारी मुलगी आहे आणि तिच्या भावाने तिला 'रडू नको' असे म्हटलेले नाही. त्याने पाठ पुढे केली. योगशक्ती बाजूला ठेवली तरी ही गोष्ट उरते, आणि मला आता तोच तिचा गाभा वाटतो.

आता ताटी. गाथेगाथेत या अभंगांची संख्या कमीजास्त आहे, क्रमही थोडा वेगळा आहे. माउलींना नेमके कोण काय बोलले, हे अभंगांत सांगितलेले नाही. ते परंपरेने, कीर्तनकारांनी भरले आहे. पण बहुतेक सगळे एकच सांगतात: त्यांना 'संन्याशाचे पोर' म्हणून हिणवले.

इथे थांबू. ज्याने पैठणच्या सभेत मान वर करून उत्तर दिले तो असल्या एका शब्दाने घरात जाऊन दार का लावतो? लीलेचा अर्थ निघाला तो याच अडचणीतून. एवढा मोठा महात्मा एवढ्या लहान गोष्टीने दुखावणार नाही, म्हणून तो दुखावलाच नाही, असे आम्ही ठरवले. पण तो शब्द लहान होता का? पाळण्यात असल्यापासून तो त्या घराच्या कानावर होता. त्याच शब्दापायी मुंज अडली, आणि त्याच शब्दापायी आई आणि वडील पाण्यात गेले. पंचवीस वेळा ऐकलेला शब्द सव्विसाव्या वेळी ऐकला म्हणजे तो एकदाच ऐकलेला नसतो. आधीचे पंचवीसही त्याच्याबरोबर घरात शिरतात. टेम्पोवाल्या गड्याने चपलांच्या ढिगापाशी बसून मला जे सांगितले ते हेच होते. मी पाठ्य ग्रंथांत शोधत होतो, आणि भाष्य मंडपाबाहेर बसले होते.

माझी एक नात पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिला हा प्रसंग सांगितला, तर ती म्हणाली, आजोबा, आमच्या अभ्यासात याला आधार आहे. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर स्थूल माणसांचे वजन उतरवण्याचे काम करत. वजन छान उतरत असतानाच काही जण उपचार सोडून जात. का, म्हणून विचारत गेले, तर पुष्कळांच्या लहानपणी अत्याचार निघाला. मग त्यांनी आणि रॉबर्ट अँडा यांनी मिळून सतरा हजारांवर माणसांना लहानपणाविषयी विचारले: मारहाण, अपमान, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण, असे. १९९८ साली पहिला निष्कर्ष छापला. ज्यांनी अशा चार किंवा जास्त तऱ्हा सोसल्या होत्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, उदासीचा आजार, जीव देण्याचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट अधिक. नातीने हेही बजावले की हे आकडे समूहाचे असतात, एका माणसाच्या कपाळावर तो आकडा लिहिलेला नसतो. 'कपाळावर लिहिलेले' हा शब्द तिने मुद्दाम माझ्यासाठी वापरला असावा.

कारण तो शब्द माझा आहे. पूर्वी कुणी असे दुःख घेऊन आला की मी सांगत असे, प्रारब्ध आहे, भोगून संपव, नाम घे. सांगणाऱ्याला हे फार सोपे असते. नामावर माझा विश्वास आजही काडीइतका कमी झालेला नाही. पण वारीत पायाला फोड आला तर आपण काय करतो? दिंडीतला जाणता माणूस 'नाम घे, फोड जाईल' असे म्हणत नाही. तो फिरत्या दवाखान्याच्या रांगेत उभा करतो, पट्टी बांधून घेतो, आणि मग म्हणतो, चल, आता नाम घेत चल. मनाच्या फोडाला मात्र आपण पट्टी नाकारतो.

मुक्ताईने काय केले ते या नजरेने पुन्हा वाचा. मी वाचले. आधी ध्यानात आले ते हे की ताटीपुढे निवृत्तिनाथ नाहीत. ते थोरले, ते गुरू. त्यांनी आज्ञा केली असती तर ताटी क्षणात उघडली असती. पण परंपरेने तिथे उभी केली ती सर्वांत धाकटी. तिचा अधिकार वयाचा नाही, गुरुपणाचा नाही. ती त्याच घरात, त्याच रात्री होती, हा तिचा अधिकार. म्हणून ती 'काय झाले' असे विचारत नाही. तिला ठाऊक आहे.

ती ताटी ढकलत नाही. ताटी म्हणजे कुडाचे दार, एका धक्क्याने पडेल. पण तिचे सगळे म्हणणे आतल्या माणसाने आपल्या हाताने दार उघडावे यासाठी आहे. ती संताची लक्षणे सांगते. म्हणजे काय करते? आत बसलेल्याला 'तू अमक्याचे पोर' या नावाच्या जागी त्याचे खरे नाव ऐकवते. मग तो दात आणि जीभ यांचा दृष्टान्त येतो: आपलेच दात आपल्या जिभेला लागले तर त्यांच्याशी वैर कसे धरायचे. आणि मध्येच तिचे लाडिकपण येते, ती आपण लहान असल्याची आठवण देते. उपदेशात हे मला फार मोलाचे वाटते. ती वरून बोलत नाही. ती आजीसारखे बोलते आणि पुन्हा शेंडेफळ होते. जिला सावरायचे ती आणि जी सावरते ती, दोन्ही तीच.

इथे मला एका गैरवापराविषयी कठोर लिहायचे आहे. 'मुक्ताईने सोसायला सांगितले' हे वाक्य मी सासुरवाशिणींपुढे बोललेले ऐकले आहे. मार खाणाऱ्या सुनेला, बापाच्या धाकात असलेल्या मुलाला, संतांचे प्रमाण देऊन गप्प बसवलेले पाहिले आहे. मीही यातून सुटत नाही. अभंगाचा अर्थ शब्दांत असतो तसा तो कोण कुणाला म्हणते यातही असतो. सहनशीलतेचा उपदेश मुक्ताई करते, कारण तिने स्वतः तेच सोसले आहे; आणि ती तो अशा भावाला करते, ज्याच्या हाती योगाचे सामर्थ्य आहे आणि ज्याच्या रागाने जगाचे नुकसान होईल. तोच उपदेश मारणाऱ्याने मार खाणाऱ्याला केला तर तो अभंग राहत नाही, तो दुसरा मार होतो. आणि लांब बसून तमाशा पाहणाऱ्या आम्हा बुवांनी केला तरी फार वेगळे होत नाही. माझ्या आठवणीत असा एकही अभंग नाही, ज्यात संताने लहान लेकराला मार मुकाट्याने खा म्हणून सांगितले आहे.

दुसरा एक समज याहून घातक आहे, कारण तो स्तुतीच्या वेषात येतो. 'छळ झाला म्हणून संत घडले.' सोने आगीतून निघाल्याशिवाय उजळत नाही, वगैरे. मग ज्यांचा छळ झाला ते सगळे संत का झाले नाहीत? या भावंडांपाशी छळाखेरीज काय काय होते ते पाहा. वडील गेले खरे, पण जाण्याआधी शिकवून गेले. थोरल्याला ब्रह्मगिरीवर गहिनीनाथ भेटले. आणि चौघे एकमेकांना सोडून राहिले नाहीत. नातीने सांगितलेली दुसरी पाहणी इथे जुळते. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागावर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकारी अनेक वर्षे राहिल्या. गरिबी, भांडणे, व्यसन असल्या घरांतली मुले वेगळी काढली, तर त्यांतली सुमारे एक तृतीयांश चांगली, कर्ती, मायाळू माणसे झाली. त्यांच्यात सारखे काय होते? इतर गोष्टींबरोबर एक ही, की घरातले किंवा घराबाहेरचे निदान एक जिव्हाळ्याचे माणूस त्यांना लाभले होते. राहिलेल्या दोन तृतीयांशांची चरित्रे कुणी गात नाही. ज्यांची ताटी उघडलीच नाही, त्यांच्यावर कीर्तन होत नाही.

माउलींविषयी आणखी एक सांगतो. हे माझे अनुमान आहे, सिद्धान्त नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावे. परंपरेने माउलींचा जन्म शके ११९७, ज्ञानेश्वरी नेवाशाला पूर्ण झाली शके १२१२ मध्ये. म्हणजे वय पंधरा. त्या ग्रंथात आई किती ठिकाणी येते, याची मोजदाद मी तरुणपणी करायला घेतली होती आणि कंटाळून सोडली. बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरूंच्या कृपादृष्टीलाच आई केले आहे. ती साधकाला मांडीवर वाढवते, हृदयाच्या आकाशाचा पाळणा करून झोके देते, अनाहताचे गाणे म्हणून निजवते, योगातल्या सतरावीचे दूध पाजते. आम्ही इथे कुंडलिनीचे, षट्चक्रांचे निरूपण करतो आणि ते योग्यच आहे. पण योग सांगायला पाळणा, अंगाई आणि दूधच का सुचावे? तेराव्यात गुरुसेवा सांगताना शिष्य मनाने गुरूला पक्षीण करतो आणि आपण तिच्या चोचीतून चारा घेतो. आई गेलेल्या मुलाने हे लिहिले आहे, हे एकदा ध्यानात आले की ओवीची चाल बदलते. त्याने आईचे जाणे कुठे लिहिले नाही. त्याने आई मात्र सगळीकडे लिहिली. आणि पुढे सातशे वर्षांनी लाखो लोक त्यालाच माउली म्हणतात, एकमेकांनाही म्हणतात, पाय धरताना, वाट मागताना, पाणी मागताना.

जनाबाईंचेही तसेच. गंगाखेडची मुलगी, लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी राहिली. तिच्या अभंगांत विठोबा दळतो, शेण गोळा करतो, आणि तिची वेणी घालतो, डोक्यातल्या उवा काढतो. विद्वान यावर भक्तीचा उत्कर्ष वगैरे लिहितात. एकदा एका म्हातारीने मला कीर्तनानंतर विचारले, "महाराज, उवा कोण काढतं पोरीच्या?" मी म्हटले, आई. ती म्हणाली, "मग?" आणि निघून गेली. तेवढे भाष्य मला पुस्तकात मिळाले नाही.

आता स्वतःविषयी थोडे, कारण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही.

माझी आई मी सात वर्षांचा असताना बाळंतपणात गेली. नवव्या वर्षी वडिलांनी मला एका ठिकाणी शिकायला ठेवले. ठिकाणाचे आणि शिकवणाऱ्याचे नाव इथे नको. ओवीचा अन्वय चुकला की बोटांच्या पेरांवर छडी बसे. हिवाळ्यात ती जास्त लागते. दोन वर्षांत माझे पाठांतर पक्के झाले. पुढे गादीवर उभा राहून मी हजारदा सांगितले, "मार खाल्ला म्हणून शिकलो." लोक माना डोलवत. त्यांतले काही बाप घरी जाऊन काय करत असतील, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

पण माझ्या घरचा हिशेब आहे. माझ्या मुलाचा हात मृदंगावर जन्मजात होता. मात्रा चुकली की माझा हात उठे. मला राग आल्याचे आठवत नाही. ते जास्त वाईट. हात आपोआप उठे, पेरांवर. चौदाव्या वर्षी त्याने मृदंग खुंटीला लावला, तो लावला. आज तो पन्नाशीला आला. भोसरीत कारखान्यात आहे, संसार नीट आहे. फोन आईला करतो. मी उचलला तर म्हणतो, "आईला द्या." छत्तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की मुलाला छंद सुटला.

त्या सप्ताहानंतर, पंधरा दिवसांनी, मी भोसरीला गेलो. सूनबाईने चहा केला. मी त्याला म्हटले, "तुझ्या बोटांवर मारत होतो, ते चुकले माझे." एवढेच बोललो. प्रमाण दिले नाही, दृष्टान्त दिला नाही. त्यासाठी मला बराच जोर लावावा लागला. तो उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, "एसटी कितीची आहे तुमची?" मी परत आलो.

टेम्पोवाल्या गड्याला नातीने फोनवरून सांगितले की जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे जाण्यात लाज नाही. आणि टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. त्याने तो क्रमांक गाडीच्या काचेवर आतून लिहून घेतला. मी त्याच्या बायकोलाही भेटलो. तिला विचारले, तो दार लावतो तेव्हा तू काय करतेस? म्हणाली, "ताट ठिवते आन् तिथंच उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडते. त्यांला बांगड्यांचा आवाज यावा म्हनून." मुक्ताईचे अभंग तिला येत नव्हते.

आता माझ्याकडे तरुण बुवा येतात, निरूपण दाखवायला. ताटी घेतली की मी एवढेच सांगतो की 'लीला' म्हणण्याआधी क्षणभर थांबा. माउली दुखावले असे म्हटल्याने त्यांचे ईश्वरपण कमी होत असेल, तर मग पायाला बाण लागला त्या कृष्णाचे काय करायचे? एका बुवाने माझ्याशी वाद घातला. म्हणाला, संतांना आमच्यासारखे दुःख झाले म्हटले तर लोक नमस्कार कशाला करतील? प्रश्न खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. मी त्याला ताटीपुढे उभे राहून पाहायला सांगितले. तो अजून विचार करतो आहे. मीही.

यंदा आषाढीला पालखी आमच्या भागात आली तेव्हा मी गुडघ्यांमुळे थोडेच चालणार होतो, लोणंदहून फलटणपर्यंत. चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणाला गर्दीत माझी पिशवी कुणीतरी हातातून घेतली. वळून पाहिले तर मुलगा. सुट्टी काढून आला होता. कधी येतो, किती दिवस, काही बोलला नाही. तरडगावला मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी फलटणला. दिंडीतल्या मृदंगाकडे त्याने पाहिलेही नाही. माझे थांबणे तिथेच ठरले होते, पण तो म्हणाला, बरडपर्यंत चला, हळूहळू. चाललो. बरडच्या अलीकडे एका बाभळीखाली टेकलो होतो, तो माझ्या पायाला तेल लावत होता. मान वर न करता त्याने विचारले, "तुम्हाला कोण मारायचं?"

पंचाहत्तर वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते. मी त्याला नाव सांगितले.